बोरसावळीची दुसरी विहीर

माझ्या मावशीला, दैवशालाला, मी कधी रडताना पाहिलं नाही असं लिहायला मला आवडलं असतं. पण ते खोटं होईल. ती पुष्कळदा रडली, चारचौघांत रडली, आणि तिच्या रडण्यानं कुणाचंही काही अडलं नाही.

देवगाव फाट्यावरून जिंतूरकडं येणाऱ्या डांबरी सडकेला लागून बोरसावळी आहे. गाव सडकेच्या वरच्या अंगाला, टेकाडावर. आमच्या बौद्ध लोकांचा वाडा खालच्या अंगाला, ओढ्याजवळ. मावशी लग्न होऊन तिथं गेली तेव्हा मी शाळेत होते. तिचा नवरा पंडित शेतमजुरी करायचा आणि दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचा. घरात सासू मालनबाई. कुडाच्या भिंती, वर पाचटाचं छप्पर. सुखात होती म्हणण्यासारखं काही नव्हतं, पण आईला सांगावा धाडायची त्यात तक्रार नसायची.

लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा आला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि गावोगाव आमची घरं पेटू लागली. बोरसावळीतही पेटली. माणसं ओढ्यापलीकडं हायब्रीड ज्वारीच्या उभ्या पिकात जाऊन बसली म्हणून वाचली. मावशीचं रुखवत, भांडी, लग्नातलं लुगडं, सगळं गेलं. कोण होते ते लोक, असं माझ्या आईनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "परके कुठं व्हते. ज्यांच्या रानात आमी खुरपायला जातो, त्यांचीच पोरं."

नंतर सरकारी माणसं आली. जळालेल्या घरांवर टाकायला पत्रे मिळाले आणि वाड्याला एक विहीर मंजूर झाली. तोवर गावात विहीर एकच होती, वरच्या अंगाची. तिथं आमच्या बायांनी घागरी घेऊन लांब उभं राहायचं आणि गावातल्या एखादीला दया आली की तिनं वरून पाणी ओतायचं. नाही आली तर ओढ्याच्या वाळूत झिरा उकरायचा.

नवी विहीर वाड्यातल्या लोकांनीच मजुरीवर खोदली. मावशी पोटुशी होती तरी डोक्यावर मातीची पाटी वाहत होती. पाणी लागलं ते गोड लागलं. मालनबाईनं पहिली घागर स्वतः शेंदली. तिचं वय तेव्हा साठीच्या पुढं असेल. कुणी न वाढलेलं पाणी ती आयुष्यात पहिल्यांदा प्याली. गावात मात्र लोक म्हणायचे, घरं जळाली म्हणून ह्यांची चंगळ झाली.

त्याच साली मावशीला मुलगी झाली. तिचं नाव सुजाता ठेवलं.

पुढची सात-आठ वर्षं बरी गेली. मग सत्याऐंशीचा दुष्काळ आला. त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी बोरसावळीच्या वळणावर एक टँकर उलटला. मुंबईकडून नांदेडकडं चाललेला, कुठल्याशा रंगाच्या कारखान्याचा माल घेऊन. आत काय होतं ते नेमकं कुणालाच कळलं नाही. वास रॉकेलसारखा, पण जास्त गोडसर आणि नाकात झोंबणारा. ड्रायव्हर हात मोडून वाचला. टँकर फुटला होता, माल भळाभळा वाहत होता, आणि लोकांना वाटलं रॉकेलच आहे. गाव आणि वाडा, दोन्हीकडची माणसं डबे, घागरी, कॅन घेऊन धावली. सगळ्यांनी भरलं. दुसऱ्या दिवशी पोलीस आले ते फक्त वाड्यात शिरले. वाड्यातला एकटा मॅट्रिक झालेला माणूस वैजीनाथ. तो पोलिसांना म्हणाला, "वर गावात बी बगा की, सायेब." म्हणून त्यालाच जीपमध्ये घालून नेलं.

पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. तेव्हा मी परभणीला डी.एड. करत होते आणि सुट्टीत मावशीकडं आले होते, त्यामुळं हे मी समोर उभं राहून पाहिलं.

टँकर उचलायला क्रेन आली. तिच्याबरोबर कंपनीचा माणूस आला, पांढरा शर्ट, डोळ्यावर काळा चष्मा. टँकर अर्धा भरलेलाच होता. एवढ्या वजनाला क्रेन उचलेना. मग ठरलं, राहिलेला माल सोडून द्यायचा. कुठं सोडायचा, हे कंपनीच्या माणसानं सरपंचाला विचारलं. सरपंच किशनराव. सडकेच्या वरच्या अंगाला नाली होती, ती त्यांच्या मोसंबीच्या बागेत उतरत होती. खालच्या अंगाला उतार होता, तो ओढ्याकडं आणि आमच्या विहिरीकडं जात होता. किशनरावांनी खालच्या अंगाकडं हात केला.

मावशी गर्दीतून पुढं गेली. "सायेब, खाली आमची हीर हाय."

"अहो बाई, हे पेट्रोलसारखंच असतं," तो माणूस म्हणाला. "उन्हात उडून जातं. उद्या शोधलं तरी सापडायचं नाही."

"उडूनच जायलंय तर मग वरच्या अंगाला सोडा की."

तो माणूस किशनरावांकडं बघून हसला. किशनराव हसले नाहीत. "दैवशाला, घरी जा," ते म्हणाले. "चार माणसांत बोलायलीस, काई रीत हाय का न्हाई?"

वाड्यातले पुरुष निम्मे ऊसतोडीवर होते. जे होते त्यांना कालच पोलिसांनी घाबरवलं होतं. फावड्यानं चर काढला आणि माल सोडला. दुपारभर तो वाहत होता. वाड्यातली लहान पोरं डोकं दुखतंय म्हणून रडायला लागली, म्हणून बाया त्यांना घेऊन लांब बाभळीखाली जाऊन बसल्या. टँकर उभा राहिला तसा कंपनीच्या माणसानं मागच्या नावावर ग्रीस फासायला लावलं. मग सगळे निघून गेले. ते पुन्हा आले नाहीत.

पंधरा-वीस दिवसांत विहिरीला वास सुटला. पाण्यावर मोराच्या पिसासारखे रंग तरंगू लागले. घागर कितीही घासली तरी वास जाईना. पाणी उकळावं म्हटलं तर घरभर वास पसरायचा आणि मालनबाईला ओकारी यायची. भाकरीला वास, चहाला वास, अंगाला वास. सुजाताच्या ओठांच्या कडेला फोड आले. ती पाणीच प्यायची नाही. मावशी तिला दटावून पाजायची. हे तिनं पुढं मला खूप वेळा सांगितलं, की मीच दटावून पाजलं.

वैजीनाथ ठाण्यातून सुटून आला होता. त्यानं तालुक्याला अर्ज दिला. आरोग्याचा एक माणूस आला, बाटलीत पाणी भरून घेऊन गेला, जाताना विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकून गेला. महिन्यानं निकाल आला की पाण्यात रोगजंतू नाहीत, पाणी पिण्यास योग्य. जंतू कसे राहतील? त्या पाण्यात बेडूकसुद्धा राहिला नव्हता.

तहसीलमध्ये मी स्वतः मावशीबरोबर गेले. साहेब सभ्य होते. त्यांनी मावशीला बसायला खुर्ची दिली. म्हणाले, "पाण्याचा टँकर त्याच गावाला मिळतो जिथं पाणी नाही. तुमच्याकडं सरकारी विहीर आहे, पाणी योग्य असल्याचा अहवाल आहे. मी काय लिहू, तुम्हीच सांगा."

"वास येतो मनून लिवा," मावशी म्हणाली.

"वासाचा रकाना नाही, बाई."

एसटीनं परत आलो. गावापाशी सडकेवर उतरलो. उन्हं अजून कडक होती. वाड्याकडं वळायच्या ऐवजी ती सरळ वर चालायला लागली. मी म्हटलं, "मावशी, कुठं?"  वाटेत एका घरासमोर पालथी घातलेली घागर होती, ती तिनं उचलली. आमच्याच एका बाईची, खालच्या विहिरीला वास सुटल्यापासून पुन्हा वर पाणी वाढून घ्यायला येणारी. ती बाई भिंतीच्या सावलीत ताटकळत बसली होती.

गावच्या विहिरीवर त्या वेळी किशनरावांच्या पत्नी कस्तुराबाई आणि आणखी दोघी होत्या. मावशी कठड्यावर चढली, दोर हातात घेतला आणि घागर आत सोडली. कुणी ओरडलं नाही. इतकं अचानक झालं की त्यांना ओरडायचं सुचलं नसावं.

"दैवशाला, हे काय करायलीस?" कस्तुराबाई म्हणाल्या.

"पाणी शेंदायले, बाई."

"मला मनली असतीस तर मी वाढलं नसतं का?"

"तुमी वाढता, बाई. तुमी चांगल्या हाव. पण माझ्या लेकराला तहान तुमच्या सवडीनं लागत न्हाई."

तिनं घागर भरली, उतरली आणि खाली आली. त्या सांजेला सुजाता पोटभर पाणी प्याली. वाड्यातले लोक आनंदी नव्हते. सगळे घाबरले होते. अठ्ठ्याहत्तरची आठवण कुणाचीच गेलेली नव्हती. पण घरं पेटली नाहीत. गावानं दुसरंच केलं.

गावानं ठरवलं की विहीर बाटली, ती उपसून काढायची. किशनरावांचं डिझेल इंजिन विहिरीवर आणून बसवलं. दुष्काळाचं साल, परभणी जिल्ह्यात माणसं पाण्यासाठी मैल मैल चालत होती, आणि बोरसावळीत चांगलं, नितळ पाणी पाइपानं बाहेर फेकायला सुरुवात झाली. फेकायचं तरी कुठं, तर किशनरावांच्या मोसंबीच्या बागेत. बाग वाळायला लागली होती. झाडांची पानं गळत होती. त्या पाण्यानं ती बाग वाचली, हे गावातल्या पोरासोरांनाही कळत होतं. इंजिनाचा धूर दिवसभर वाड्यावर येत होता.

दुसऱ्या दिवशी वाड्यातल्या बाया बागेच्या बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. समोर सरीतून पाणी झुळझुळ चाललं होतं. किशनरावांचा सालगडी आसाराम राखणीला होता. त्याला काय करावं कळेना. तो मालकाला विचारून आला.

"मालक मनले, भरू द्या," त्यानं सांगितलं. "ते पाणी आता गावाच्या कामाचं न्हाई."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणी पुढं होईना. मला वाटलं मावशी आता काहीतरी बोलेल. घागर फोडेल, परत फिरेल. मी तेव्हा वीस वर्षांची होते, मला तसं वाटणं साहजिक होतं. मावशी खाली वाकली. सरीत घागर आडवी केली आणि भरून घेतली. सुजाता गुडघ्यावर बसून ओंजळीनं पाणी प्याली. मग बाकीच्या बायाही उतरल्या.

घरी आल्यावर ती पदरानं तोंड पुसत राहिली. मग म्हणाली, "गोड लागलं गं. ह्येच लय लागलं मला."

उपसा झाला, गोमूत्र शिंपडलं, विहीर पुन्हा गावाची झाली. आणि वाढायचं बंद झालं. एका बाईनं आगळीक केली म्हणून सगळ्या वाड्याला. पंडित ऊसतोडीवरून आला तेव्हा त्यानं मावशीला मारलं. मग तिच्याच शेजारी बसून तोही रडला, आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन ठाण्यावर गेला. मीही गेले. जमादारानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "बाई, तुला कुणी अडवलं का?"

"अडवलं न्हाई."

"मारलं का? शिवी दिली का?"

"न्हाई."

"पाणी मिळालं का?"

मावशीनं पदराचं टोक मुठीत धरलं.

"मिळालंच की," जमादार म्हणाला. "मग फिर्याद कशाची घेऊ? त्यांनी त्यांची हीर साफ केली. तुमी तुमची करा."

म्हणून त्यांनी तीही केली. वाड्यानं वर्गणी काढून इंजिन भाड्यानं आणलं आणि खालची विहीर उपसली. चार दिवस वास नव्हता. मग झऱ्यातूनच पुन्हा येऊ लागला. माती प्याली होती ते, आता ती सोडत होती. पावसाळ्यात वास कमी व्हायचा, लोकांना वाटायचं गेला. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की परत. त्या पाण्यावर वाड्यानं तीन वर्षं काढली. माणसाला सवय होते म्हणतात. सवय झाली म्हणजे काय, तर त्यांनी एकमेकांना सांगायचं सोडलं.

एकोणनव्वदच्या हिवाळ्यात सुजाता पांढरी पडायला लागली. दहा वर्षांची पोर, दोन घरांच्या अंतरावर गेली तरी बसायची. अंगावर निळे डाग यायचे, तिला कुणी बोट लावलं नसताना. मग नाकातून रक्त यायला लागलं. जिंतूरच्या डॉक्टरनं परभणीला पाठवलं, परभणीच्यानं नांदेडला. मी तेव्हा जिंतूरजवळच्या शाळेत नोकरीला लागले होते. रजा काढून मी नांदेडला राहिले.

तिथला डॉक्टर तरुण होता. म्हणाला, "हिच्या हाडांत रक्त तयार व्हायचं थांबलंय."

मावशीनं विचारलं, "पाण्यानं का, सायेब?" आणि टँकरचं सगळं सांगितलं.

त्यानं नीट ऐकलं. "काही रसायनांनी असं होतं," तो म्हणाला. "कोणतं रसायन होतं?"

आम्हाला माहीत नव्हतं. पोलिसांच्या कागदात 'ज्वालाग्राही द्रव' एवढंच होतं. कंपनीचं नाव ग्रीसखाली गेलं होतं.

"नाव कळल्याशिवाय मी काही म्हणू शकत नाही," डॉक्टर म्हणाला. "पुष्कळदा काही कारण नसतानाही होतं." तो खोटं बोलत नव्हता. मलाही आज इथं लिहिता येत नाही की सुजाता त्या पाण्यानं गेली. ती होळीच्या आधी गेली, एवढं लिहिता येतं. मालनबाई तिच्या पाठोपाठ गेली, पण ती म्हातारी होती, तिच्याबद्दल कुणी विचारलंच नाही.

सुजाताला ओढ्याकाठी पुरून आल्यावर काही दिवसांनी मावशीनं विहीर बुजवायला घेतली. सकाळी कामावर जाण्याआधी ती पाटीभर दगडमाती आणून आत टाकायची. वैजीनाथनं तिला अडवलं. "दैवशालाबाई, हीर बुजली तर आपल्याजवळ काय ऱ्हाईल? सरकार मनंल, ह्यांला पाण्याची गरजच न्हाई."

"हाय तवर सरकार मनतंय पाणी हाय," ती म्हणाली. "न्हाई मनाय लावायचं आसंल तर हीर नसाय पाह्यजे."

पंडित दोन दिवस नुसता बघत बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं टोपलं घेतलं. मग वाड्यातली आणखी माणसं आली. सगळी नाहीत. काही जण भांडले, एकानं तिच्या अंगावर हात टाकला. पण विहीर बुजली. आणि ती बुजल्यावर पंचनामा झाला, वाड्याला पाण्याचा स्रोत नाही असं कागदावर आलं, आणि त्या उन्हाळ्यात पाण्याचा टँकर वाड्यात आला. पुढं नळयोजनेतून एक तोटीही मिळाली. लाइनच्या अगदी शेवटी, धार करंगळीएवढी, पण मिळाली.

मावशीवर गुन्हा दाखल झाला. सरकारी विहिरीचं नुकसान केल्याचा. ह्या खेपेला फिर्याद घ्यायला कुणाला काही अडचण आली नाही. ग्रामपंचायतीनं दिली, पोलिसांनी त्याच दिवशी घेतली. दोन वर्षं ती तारखांना जात राहिली, मजुरी बुडवून. वकिलानं तिला सांगितलं होतं, मी बुजवली नाही म्हण, कुणी पाहिलंय? कोर्टानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मीच बुजवली." तिला दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा झाली. ती मागच्या बाकड्यावर दिवसभर बसली. बाहेर पंडित आणि मी. सांजेला शिपायानं दिवे मालवले आणि तिला म्हणाला, "जा आता, झाली शिक्षा." तिनं त्याला विचारलं, "माझी झाली. त्या टँकरवाल्याची तारीख कवा हाय?" 

त्र्याण्णवमध्ये सडकेचं काम निघालं. बोरसावळीचं वळण धोक्याचं आहे, अपघात होतात, म्हणून ते सरळ करायचं ठरलं. वरच्या अंगाला मोसंबीची बाग होती. सडक खालच्या अंगानं नेली. वाड्यातली चार घरं गेली, त्यात मावशीचं होतं. नुकसानभरपाई पत्र्यांची मिळाली. जागा गावठाणातली, तिच्या नावावर नव्हतीच.

मग ती आणि पंडित जिंतूरला आमच्या शेजारी येऊन राहिले. पंडित हमालीला जाऊ लागला, ती जिनिंगमध्ये कापूस निवडायला. 

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. पूर्ण नाही, आधीच्या नावाला जोडून, पण लागलं. जिंतूरच्या आमच्या वस्तीत सोळा वर्षांनी लोक मोकळेपणी नाचले. पंडितनं अंगाला निळा गुलाल लावून घेतला, मी त्याला कधी हसताना पाहिलं नव्हतं, तो मोठ्यानं हसला. मावशी विहारापर्यंत आली, पुढं ओळीत बसली, भाषणं ऐकली. पेढे वाटले तेव्हा शेजारची एक बाई हळहळून म्हणाली, "दैवशाला, तुझी सुजाता आसती तर आता गेली आसती त्या विद्यापीठात शिकायला."

मावशीनं हातातला पेढा मोडून अर्धा तिला दिला.

"तिला शिकायची लय आवड न्हवती," ती म्हणाली. "नुसती जगली आसती तरी चाललं आसतं."